नशा करणाऱ्यांना दवाखान्यात मिळणारी वागणूक: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न (ठाणे–नवी मुंबई)

कळवा, मुंब्रा, राबोडी, ऐरोली, तुर्भे, पार खारघरपर्यंतून मेसेज येतात आणि त्यातले निम्मे तेच ते असतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. माझा भाऊ बारा वर्षं गर्द (ब्राउन शुगर) घ्यायचा, त्याच्याबरोबर केस पेपरच्या लाइनीत उभं राहून राहून जे कळलं ते, आणि नंतर दुसऱ्यांच्या भावा-बहिणींबरोबर जाऊन जे कळलं ते इथे आहे. प्रश्नांना नंबर दिलेत, एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून "अमुक प्रश्न बघा" असं लिहिलंय.

१. ताई, डॉक्टर ओरडले तर ओरडले, त्यात एवढं काय? ते सगळ्यांनाच ओरडतात.

ओरडणं वेगळं आणि हे वेगळं. सगळ्यांना नंबराने घेतात आणि तुम्हाला शेवटी ठेवतात. दुखतंय म्हटलं की "नाटक करतोय, इंजेक्शन पाहिजे याला" म्हणतात. पोटात दुखत असो नाहीतर पाय मोडलेला असो, प्रत्येक आजाराचं कारण नशाच धरून पुढची तपासणीच करत नाहीत. आणि पूर्ण वॉर्डाला ऐकू जाईल असं "तो गर्दुल्ला कुठे गेला" म्हणून हाक मारतात. ह्या सगळ्याचा परिणाम एकच होतो, माणूस पुढच्या वेळी येतच नाही, किंवा आला तरी खोटं बोलतो. आणि खोटं बोलल्यामुळे चुकीचं औषध पडतं. म्हणून मी ह्याला नुसता अपमान म्हणत नाही, ह्याने माणसं दगावतात.

२. पण नशा तर त्याने स्वतःच केली ना? हा आजार कसा?

पहिली पुडी स्वतः घेतली, हे खरं आहे. पण अवलंबित्व, म्हणजे आपण व्यसन म्हणतो ते, आजारांच्या अधिकृत यादीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही आहे आणि आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था स्पष्ट लिहिल्यात. शुगरवाला जिलेबी खाऊन आला तरी इन्सुलिन देतातच की, त्याला कोणी दारातून परत पाठवत नाही. आणि समजा आजार नाही असंच धरलं, तरी फुटलेल्या गाठीवर ड्रेसिंग करायला माणूस चांगला असायला लागतो असं कुठे लिहिलंय?

३. डॉक्टरला खरं सांगायचं का? सांगितलं की नजरच बदलते.

सांगायचं. नजर बदलते हे मला माहितीये, मी बघितलीये, तरी सांगायचं, कारण काही गोष्टी लपवल्या तर जिवावर बेततं.

गर्द किंवा दुसरं कुठलं अफूच्या जातीचं घेत असाल आणि दुखण्यावर पेंटाझोसिनचं इंजेक्शन दिलं, तर दुखणं थांबायच्या ऐवजी टर्की (नशा न मिळाल्याने शरीराला होणारा त्रास) लागू शकते. आपल्याकडे हे इंजेक्शन बऱ्यापैकी वापरतात. ट्रामाडॉलने फिट यायचा धोका वाढतो, आधी फिट आली असेल किंवा दारू-गोळ्या सुटत असतील तर जास्तच. ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरला माहीत पाहिजे की शरीराला कशाची सवय आहे, नाहीतर डोस कमीजास्त होतो. एमडी (मेफेड्रोन, उत्तेजना आणणारी नशा) घेतलेल्या माणसाचं हृदय आधीच धावत असतं, बीपी वर असतं.

कसं सांगायचं ते जास्त महत्त्वाचं. लाइनीत, खिडकीवर, सगळ्यांसमोर सांगायची गरज नाही. केस पेपर काढताना "जनरल ओपीडी" किंवा "सर्जरी" एवढंच बोला. आत गेल्यावर हळू आवाजात "डॉक्टर, एक गोष्ट एकट्याला सांगायचीये" म्हणा आणि मग चार गोष्टी सांगा: काय घेतो, कसं घेतो (ओढून, पन्नीवर, सुईने), किती, आणि शेवटचं कधी. कहाणी सांगू नका, माफी मागू नका. माझा भाऊ आधी पाच मिनिटं "मी सोडणारच आहे डॉक्टर" करत बसायचा, तोवर डॉक्टरांचा पुढचा पेशंट आत आलेला असायचा.

४. सांगितलं तर ते पोलिसांना फोन करतील का?

पेशंटने ओपीडीत सांगितलं की मी गर्द घेतो, म्हणून डॉक्टरने पोलिसांना कळवलंच पाहिजे असा नियम नाही. हां, एनडीपीएस (अमली पदार्थांचा) कायदा १९८५ चा आहे आणि त्याच्या कलम २७ मध्ये नुसतं सेवन हासुद्धा गुन्हा आहे, त्यामुळे भीती उगाच नाहीये. पण त्याच कायद्यात कलम ६४अ आहे जे कोणी सांगतच नाही: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या केसमध्ये अडकलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायला तयार झाला तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. अट एवढीच की उपचार पूर्ण करायचे, अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेता येतं. आणि "अल्प" म्हणजे गर्दसाठी ५ ग्रॅमपर्यंत. विक्रीची केस असेल तर हे लागू नाही, तिथे वकील लागतो (प्रश्न १९ मध्ये फुकट वकिलाचं लिहिलंय).

ओव्हरडोसचं वेगळं आहे, त्याला प्रश्न ७ बघा.

५. केस पेपरवर ठळक अक्षरात "ड्रग ॲडिक्ट" लिहिलंय. हे घरी, कंपनीत कळेल का?

नोंद राहणं चूक नाही, पुढच्या डॉक्टरला उपयोगीच पडते. चूक आहे ती सगळ्यांना दिसेल अशी लिहिणं आणि बडबडणं. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे उपचारांची माहिती गुप्त ठेवायची असते. अपवाद मोजके आहेत: तुम्ही नेमलेला प्रतिनिधी, उपचार करणारे दुसरे डॉक्टर, कोणाच्या जिवाला धोका असेल तर, किंवा कोर्टाचा अथवा मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचा आदेश. शेजारची काकू, महापे एमआयडीसीतला सुपरवायझर, गावचा मामा ह्या यादीत नाहीत.

कंपनीला सिक लीव्हसाठी सर्टिफिकेट लागतं तर डॉक्टरांना विनंती करा की "उपचार चालू आहेत, इतके दिवस विश्रांती" एवढंच लिहा. बहुतेक डॉक्टर लिहून देतात, विचारावं लागतं फक्त.

६. हातावर सुईच्या जागी मोठी गाठ झालीये, पू आहे. दवाखान्यात जायची हिंमत होत नाही. घरी फोडली तर चालेल का?

नाही. हे वाचून झालं की आजच निघा.

मे महिन्यात माझा भाऊ फुल बाह्यांचा शर्ट घालून फिरायचा. आम्हाला वाटायचं गर्द घेतल्याने थंडी वाजत असेल. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती. एका दवाखान्यात नेलं, तिथे ड्रेसिंगच्या टेबलावर रेक्झिन होतं, आधीच्या दोन पेशंटचं तसंच त्यावर केलं, ह्याचा नंबर आला तेव्हा सिस्टरने कोपऱ्यातला पेपर उचलून अंथरला, दोन ग्लोव्हज एकावर एक चढवले आणि मावशीला म्हणाली, नंतर सगळं फिनाइलने पूस. हात धरला पण नाही नीट. भावाने माझ्याकडे बघितलं, शर्टाची बाही खाली केली आणि उठून गेला. नऊ दिवसांनी तापाने फणफणलेला असताना आम्ही त्याला रिक्षात घालून दुसरीकडे नेलं, तेव्हा ती गाठ दंडापर्यंत गेलेली होती आणि इन्फेक्शन रक्तात उतरलं होतं. अठरा दिवस ॲडमिट. ग्लोव्हज दोन घातले त्याचं मला काही नाही, घालावेत, पण तो पेपर मी विसरू शकत नाही.

तर गाठ लाल, गरम, वाढत असेल, अंगात ताप असेल, किंवा जांघेत टोचत असाल आणि पाय सुजला असेल तर थांबायचं नाही. घरी ब्लेडने फोडली तर खाली रक्तवाहिनी असू शकते. सर्जरी ओपीडीला जा, एकटे जाऊ नका, कोणीतरी बोलणारं बरोबर न्या. बरोबर माणूस असला की वागणूक बदलते, असं व्हायला नको पण होतं.

७. मित्र ओव्हरडोस होऊन पडलाय असं कधी झालं तर? आम्ही घाबरून त्याला दवाखान्याच्या गेटवर सोडून पळालेली पोरं बघितलीत.

पळू नका. आधी त्याचा श्वास बघा. ओठ निळे, घोरल्यासारखा आवाज, हलवून उठत नाही, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, म्हणजे गर्दचा ओव्हरडोस असण्याची दाट शक्यता. १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. श्वास बंद पडत असेल तर तोंडाने श्वास द्या. मिठाचं पाणी पाजणं, थंड पाणी ओतणं, दुधाचं इंजेक्शन असले प्रकार करू नका.

नालोक्सोन नावाचं औषध गर्दचा असर काही मिनिटांत उलटवतं, हॉस्पिटलात विचारा "नालोक्सोन दिलं का". पण त्याचा असर साधारण अर्धा ते दीड तास टिकतो, त्यामुळे पोरगं उठून बसलं म्हणून लगेच घरी न्यायचं नाही, परत बेशुद्ध पडू शकतं. एमडी किंवा नुसत्या झोपेच्या गोळ्यांवर नालोक्सोन चालत नाही.

पोलिसांचं: ओव्हरडोस, विषबाधा ह्या केसेस हॉस्पिटल सहसा एमएलसी करतं म्हणजे पोलीस चौकीत नोंद जाते. त्यातून काही वेळा चौकशी होते, हे लपवत नाही मी. पण काय घेतलं हे सांगायला थांबलात तर तो वाचतो. एवढंच सांगायला थांबायचं, "गर्द घेतलंय, वर दोन बटनच्या (झोपेच्या) गोळ्या घेतल्यात, साधारण वीस मिनिटं झाली."

८. इमर्जन्सीत "याला सिव्हिलला न्या" म्हणून हातच लावला नाही. असं करता येतं का?

नाही. परमानंद कटारा केसमध्ये १९८९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जीव धोक्यात असलेल्या माणसावर आधी उपचार, कागद आणि पोलीस नंतर, आणि हे सरकारी-खाजगी सगळ्या डॉक्टरांना लागू आहे. प्राथमिक उपचार करून, स्थिर करून मग दुसरीकडे पाठवता येतं. तेव्हा वाद घालत बसू नका, फक्त म्हणा "उपचार करत नाही असं लिहून द्या, तुमचं नाव आणि वेळ टाका." मी तीनदा हे वाक्य वापरलंय आणि तिन्ही वेळा स्ट्रेचर आलं. नंतरची तक्रार प्रश्न १९ मध्ये.

९. ॲडमिट असताना टर्की लागली आणि कोणी लक्ष देईना, म्हणून पळून आलो. आता परत कसा जाऊ?

परत जा, पळून आलेल्याला घेऊ नये असा काही नियम नाही. नाक गळणं, जांभया, काटा येणं, पोटात मुरडा, हागवण, पायात गोळे हे गर्द बंद झाल्यावर साधारण ८ ते १२ तासांत सुरू होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट असतं. पाय मोडून ॲडमिट झालेला माणूस पायाच्या दुखण्याने पळत नाही, टर्कीने पळतो, आणि कागदावर "पेशंट सांगण्याविना निघून गेला" असं येतं. ॲडमिट होतानाच सांगा: मला उद्या सकाळपर्यंत टर्की लागेल, मानसोपचार विभागातल्या डॉक्टरना बोलवता येईल का. ह्यावर औषधं आहेत आणि ती साध्या वॉर्डातही देता येतात.

दुखण्याच्या औषधाबद्दल: सवय असलेल्या शरीराला नेहमीचा डोस कमी पडतो. जास्त मागितलं की "लालच" समजतात, पण ते शरीराचं गणित आहे.

१०. दारू किंवा झोपेच्या गोळ्या मी घरीच एकदम बंद केल्या तर? दवाखान्यात जाऊन बोलणी कोण खाईल.

गर्दच्या टर्कीने धडधाकट माणूस सहसा मरत नाही, दारू आणि बटन, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या एकदम बंद केल्याने मरू शकतो. फिट येते, दोन ते चार दिवसांत भास, थरथर, बडबड सुरू होते. रोज पिणाऱ्याने, रोज गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरच्या हाताखालीच बंद करायचं. बोलणी खाल्ली तरी चालेल.

११. ओएसटी म्हणजे एक नशा सोडून दुसरी नशा, असं आमचे फॅमिली डॉक्टरच म्हणाले.

डॉक्टर म्हणाले तरी ते बरोबर नाही. ओएसटी म्हणजे गर्दच्या जागी रोज ठरलेल्या डोसमध्ये ब्युप्रेनॉर्फिन (जिभेखाली ठेवायची गोळी) किंवा मेथाडोन (प्यायचं औषध). टर्की लागत नाही, सुई सुटते, माणूस कामावर जातो. दोन्ही औषधं २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि आपल्याकडे नॅको (सरकारची राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था) हे फुकट चालवते. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, "लवकर बंद कर" म्हणून घरचे मागे लागतात आणि तिथेच माणूस परत घसरतो. माझा भाऊ साडेचार वर्षं घेत होता. राबाळ्याला कंपनीत पहिली शिफ्ट असायची, सेंटर उघडेपर्यंत थांबला तर गेट बंद, मग सिस्टरला सांगून सुट्टीच्या वेळेत गोळी घ्यायची सोय झाली, तशी विनंती करता येते.

एक लक्षात ठेवा, ओएसटी फक्त अफूच्या जातीच्या नशेसाठी. एमडी, गांजा, व्हाइटनर ह्यांच्यासाठी अशी बदली गोळी नाही, तिथे समुपदेशन आणि लक्षणांप्रमाणे औषधं. जवळचं सेंटर १०९७ (एड्सची हेल्पलाइन) वर विचारा. मुंबई शहराची एड्स नियंत्रण सोसायटी वेगळी आणि ठाणे–नवी मुंबई राज्याच्या सोसायटीकडे येतं, म्हणून मुलुंडच्या मित्राने सांगितलेला पत्ता तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

१२. ओएसटी चालू आहे आणि आता टीबी निघालाय / ऑपरेशन आहे. गोळी बंद करू?

स्वतःहून बंद करू नका. टीबीच्या औषधात रिफाम्पिसिन असतं, त्याने ओएसटीच्या औषधाचा असर कमी होतो आणि माणसाला वाटतं गोळी "लागत नाही", मग तो वर गर्द घेतो आणि सगळे म्हणतात बघा, सुधारतच नाही. डोस बदलावा लागतो, एवढंच. एचआयव्हीच्या काही औषधांचंही असंच आहे. टीबीवाल्या डॉक्टरचा कागद ओएसटीच्या डॉक्टरला आणि त्यांचा ह्यांना दाखवा, ते दोघं आपापसात बोलत नाहीत, मधे आपल्यालाच धावावं लागतं. ऑपरेशनला भूल देणाऱ्यांना सांगणं मस्ट (प्रश्न ३).

१३. न विचारता एचआयव्ही टेस्ट केली आणि रिपोर्ट सगळ्यांसमोर वाचला.

ह्या दोन्ही गोष्टी कायद्याने चूक आहेत. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. टेस्टला संमती लागते, आधी आणि नंतर समुपदेशन लागतं, निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. पॉझिटिव्ह आहे म्हणून उपचार नाकारणं हा भेदभाव. सुई बदलून देणं, ओएसटी असल्या कामाला ह्याच कायद्याच्या कलम २२ ने संरक्षण आहे, म्हणून नवीन सुया वाटणारा कार्यकर्ता गुन्हेगार नाही.

पण इथे एक गोम आहे. हा कायदा एचआयव्ही असलेल्यांना आणि त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांना वाचवतो. तुम्ही निगेटिव्ह आहात आणि फक्त नशेमुळे हाकललं तर हा कायदा कामाला येत नाही, तिथे मानसिक आरोग्य कायदा आणि पेशंटचे हक्क धरायचे.

१४. कावीळ सी निघाली. डॉक्टर म्हणतात आधी नशा सोड, सहा महिने क्लीन राहा, मग औषध.

नशा चालू असताना पण हिपॅटायटिस सी चे उपचार करता येतात. राष्ट्रीय कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला, तपासणी-औषध फुकट. नवीन गोळ्या, सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासविर, साधारण १२ आठवडे (लिव्हर जास्त खराब असेल तर २४) आणि ९५ टक्क्यांच्या आसपास माणसं पूर्ण बरी होतात. सहा महिने थांबवलं तर तेवढे दिवस तो आजार त्याच्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. एका ठिकाणी नाही म्हणाले तर दुसरीकडे विचारा. एचआयव्हीचंही तसंच, २०१७ पासून पॉझिटिव्ह आला की औषध सुरू, नशा करतो म्हणून थांबवायचं नसतं.

१५. मी चार महिन्यांची प्रेग्नंट आहे, गर्द घेते. सांगितलं तर बाळ काढून घेतील का?

पहिलं, तू विचारलंस हेच खूप केलंस. दुसरं, एकदम बंद करू नकोस, टर्कीने गर्भाला त्रास होऊ शकतो. अशा वेळी ओएसटीच देतात, ती बाळासाठी जास्त सुरक्षित आहे. बाळाला जन्मानंतर काही दिवस टर्कीसारखी लक्षणं येऊ शकतात, त्यावर उपचार आहेत आणि ते बरं होतं. ओएसटीवर असताना अंगावर पाजता येतं, एचआयव्ही असेल तर डॉक्टरांशी वेगळं बोलायचं. नुसतं नशा करते म्हणून हॉस्पिटल तुझ्याकडून बाळ काढून घेऊ शकत नाही.

बायकांना दुप्पट ऐकावं लागतं, "आई होणार आणि हे धंदे" हे वाक्य मी लेबर वॉर्डाच्या बाहेर ऐकलंय आणि ती पोरगी प्रसूतीपर्यंत परत तपासणीला आलीच नाही. तू तसं करू नकोस, मेसेज कर, मी येते बरोबर.

१६. घरच्यांनी रात्री चार माणसं बोलावून उचलून सेंटरमध्ये टाकलं. तिथे साखळी, मार. हे चालतं का?

नाही चालत. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९५ ने साखळीने बांधायला बंदी आहे, कोणत्याही प्रकारे. एकट्याला कोंडून ठेवायलाही बंदी आहे. संमतीशिवाय ॲडमिट करायचं तर ठरलेल्या तपासण्या, अटी आणि मंडळाला कळवणं लागतं, आईने सही केली एवढ्यावर भागत नाही. घरच्यांना मी दोष देऊन मोकळी होत नाही, आम्हीसुद्धा एकदा असं सेंटर शोधत होतो, रात्री तीनला माणूस शुद्धीवर नसताना तुम्हाला काहीही करावंसं वाटतं. पण पैसे भरण्याआधी नोंदणी सर्टिफिकेट बघा, डॉक्टर रोज येतो का विचारा, आणि पेशंटला फोनवर बोलू देत नसतील तर तिथे ठेवू नका.

ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, त्या गेटच्या आत जायला लोक घाबरतात, "येड्याचं हॉस्पिटल" म्हणतात, पण ओपीडीला जाऊन दुपारी घरी येता येतं. डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था ठाण्यात १९९० पासून आहे. पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून, अवचट दांपत्याने सुरू केलेलं, आपल्याकडची बरीच माणसं तिकडे जाऊन आलीत.

१७. मुलगा १६ वर्षांचा आहे, स्टेशनजवळच्या पोरांबरोबर व्हाइटनर, सोल्यूशन ओढतो.

हुंगायची नशा हा एकच प्रकार आहे जो आपल्या देशात मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त निघाला, २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मुलांत १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८. त्यामुळे तुमचा मुलगा जगावेगळा नाही. बालरोग किंवा मानसोपचार ओपीडी, आणि डॉक्टरांना त्याच्याशी दहा मिनिटं एकट्याशी बोलू द्या. शाळेला कळवायची घाई नको. अडचण असेल तर १०९८ (मुलांची हेल्पलाइन).

१८. मेडिक्लेम मिळेल का?

बऱ्याचदा नाही. कायदा म्हणतो मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या, पण प्रमाणित पॉलिसीत व्यसनावरचे उपचार आणि त्याचे परिणाम वगळायचं एक कलम असतं. मात्र पाय मोडला त्याचा नशेशी संबंध नसताना कंपनीने केस पेपरवरचा एक शब्द बघून नाकारलं तर भांडायचं, आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग विमा लोकपालाकडे.

१९. तक्रार कुठे करायची? आमचं कोण ऐकणार?

त्याच दिवशी वहीत लिहा: तारीख, वेळ, विभाग, काय शब्द वापरले, बरोबर कोण होतं. केस पेपरचा फोटो काढा.

सरकारी किंवा पालिकेचं हॉस्पिटल असेल तर अधीक्षकांकडे लेखी, आवक शिक्का मारून कॉपी घ्या, शिक्क्याशिवाय परत येऊ नका. खाजगी असेल तर त्या त्या महापालिकेचा आरोग्य विभाग, कारण नर्सिंग होमची नोंदणी तेच करतात, आणि २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे पेशंटच्या हक्कांची सनद भिंतीवर लावलेली असायला हवी, तिचा फोटो तक्रारीला जोडा. खारघर-पनवेल नवी मुंबई पालिकेत येत नाही, पनवेल पालिका वेगळी आणि जिल्हा रायगड, इथे लोक हमखास चुकतात आणि महिना वाया जातो. डॉक्टरच्या वागण्याची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. मानसोपचार किंवा व्यसनमुक्ती केंद्राबद्दल असेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ. एचआयव्हीचा भेदभाव असेल तर २० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या हॉस्पिटलात तक्रार अधिकारी असतो, त्याच्यावर लोकपाल.

फुकट वकिलासाठी १५१००, किंवा ठाणे कोर्टातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. बायका, एससी-एसटी, कोठडीतली माणसं ह्यांना उत्पन्न बघत नाहीत. नुसतं बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आणि टेलीमानस १४४१६.

२०. मी कळव्याला नर्स आहे. आम्हालाही शिव्या पडतात, सुई टोचायची भीती वाटते. फक्त आमचीच चूक का?

नाही सिस्टर, आणि तुम्ही लिहिलंत ह्याचं मला बरं वाटलं. एका वॉर्डात पन्नास पेशंट आणि दोन सिस्टर, हे मी बघितलंय. टर्कीत माणूस ओरडतो, सलाइन काढून फेकतो. तुमची भीती खोटी नाही. एचआयव्ही असलेल्याची सुई टोचली तर लागण व्हायची शक्यता साधारण ०.३ टक्के, आणि ७२ तासांच्या आत, जेवढं लवकर तेवढं चांगलं, पीईपी (लागण होऊ नये म्हणून घ्यायची औषधं) सुरू करता येतं. काळजी सगळ्याच पेशंटच्या बाबतीत सारखी घ्यायची असते, कारण कोणाला काय आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही.

शब्दांनी फरक पडतो. २०१० साली अमेरिकेत पाचशेहून जास्त मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या लोकांना एकाच पेशंटची माहिती दिली, निम्म्यांना त्याच्यासाठी "नशेबाज" छापाचा शब्द, निम्म्यांना "व्यसनाचा आजार असलेला माणूस". पहिल्या गटाने त्यालाच जास्त जबाबदार धरलं. ही सगळी शिकलेली माणसं होती.

आणि एक छोटी गोष्ट. भावाला नंतर ज्या ठिकाणी ॲडमिट केलं तिथे तिसऱ्या दिवशी सलाइन बंद पडली, चार वेळा टोचून शीर मिळेना, तेव्हा रात्रपाळीची सिस्टर स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "तुझ्या शिरा तुलाच जास्त माहिती, कुठली चांगली आहे सांग." त्याने उजव्या मनगटाची बाजू दाखवली, एकात लागली. त्या अठरा दिवसांत तो फक्त तिच्याशी खरं बोलला, रात्री बाथरूममध्ये कोणी माल आणून दिला होता तेही तिलाच सांगितलं.

२१. मी सात वर्षं क्लीन आहे. दाढ काढायचीये, आता पण सांगायचं का? परत तीच नजर नकोय.

सुन्न करून दाढ काढणार असतील आणि बाकी काही औषधं चालू नसतील तर जुना इतिहास उगाळायची गरज नाही. दोन गोष्टी मात्र सांगा: हिपॅटायटिस झाला होता का (लिव्हरमुळे औषधं बदलतात), आणि "मला अफूच्या जातीची पेनकिलर नको, साधी चालेल." कारण विचारलं तर "मला ती सूट होत नाही" एवढं पुरे. मोठं ऑपरेशन असेल तर मात्र प्रश्न ३ मधलं सगळं सांगायचं, आणि घरी आल्यावर गोळ्यांची पट्टी दुसऱ्याच्या हातात ठेवायची, रोजचं मोजून घ्यायचं. भावाचं गेल्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा पट्टी माझ्या पर्समध्ये होती, तो सकाळी-रात्री येऊन हात पुढे करायचा, पाचव्या दिवशी म्हणाला आता नको, दोन गोळ्या उरल्यात त्या परत कर मेडिकलवाल्याला.